नदीकाठचा फ्लॅट घ्यावा का? विश्वामित्रीच्या पाण्याबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात आपल्या बडोद्यातल्या विश्वामित्री नदीकाठच्या नव्या बांधकामांबद्दल जाता जाता लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळचं सगळं सदर त्याच विषयाला दिलंय. बरेच जण एकच गोष्ट विचारतायत म्हणून प्रश्न थोडे एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम घातलेली नाहीत, कारण काहींच्या घरात या विषयावरून वाद चालू आहेत. मी सिव्हिलचा माणूस, आयुष्य लेव्हल आणि ड्रेनेजच्या कामात गेलं, त्यामुळे उत्तरं त्या बाजूने येतील.

प्रश्न : आम्ही दांडिया बाजारात जुन्या घरात राहतो. मुलाचं लग्न ठरलंय, जागा पुरत नाही. नदीच्या बाजूला मोठी टाउनशिप येतेय, सात टॉवर, क्लबहाऊस, सगळं. मुलाला तिथे टू बीएचके बुक करायचाय. २०२४ च्या पुरात त्याच रस्त्यावर होड्या चालल्या होत्या. बिल्डरचा माणूस म्हणतो की आम्ही जमीन आठ फूट उंच घेतलीय, आता पाणी येऊच शकत नाही. मुलगा म्हणतो आई तू उगाच घाबरतेस. माझं घाबरणं चूक आहे का?

ताई, अजिबात चूक नाही. आणि मुलगाही पूर्ण चूक नाही, जमीन खरंच उंच केली असेल तर पाचव्या मजल्यावरच्या तुमच्या हॉलमध्ये पाणी येणार नाही हे उघड आहे. पण पूर म्हणजे फक्त हॉलमध्ये आलेलं पाणी नाही ना. २०२४ च्या ऑगस्टमध्ये वरच्या मजल्यांवरच्या लोकांचे काय हाल झाले ते आठवा, खाली बेसमेंट पार्किंग भरलं, गाड्या गेल्या, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी म्हणून लिफ्ट बंद, ट्रान्सफॉर्मर पाण्यात म्हणून वीज बंद, वीज नाही म्हणून मोटर नाही आणि जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरल्यामुळे मोटर असती तरी ते पाणी पिता आलं नसतं. घरात बीपीची, शुगरची माणसं आणि औषध आणायला खाली उतरायची सोय नाही. घर कोरडं होतं पण माणसं अडकलेली होती.

आता आठ फुटांचं बोलू. आठ फूट कशापासून? हा प्रश्न विचारायला कोणालाच सुचत नाही आणि खरी गोम इथेच आहे. रस्त्यापासून आठ फूट असेल तर एक गोष्ट, पण जागा मुळात कोतरात, म्हणजे नदीलगतच्या घळीत असेल आणि कोतराच्या तळापासून आठ फूट भरून ती जेमतेम रस्त्याच्या बरोबरीला आणली असेल तर त्या आठ फुटांना काही अर्थ नाही. तुम्ही लेखी विचारा की प्लिंथची (जोत्याची) आरएल किती आहे, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि २०२४ मध्ये त्याच जागी पाण्याची उंची किती होती. साइट इंजिनियरकडे पहिला आकडा असतोच, त्याशिवाय काम सुरू होत नाही. दुसरा आकडा नाही म्हणाले तर समजून जा की त्यांनी मोजायची तसदी घेतलेली नाही. आणि काळ्या घोड्याजवळच्या पुलावरची फुटांची आकडेवारी, तेव्हा ३७ फुटांच्या वर गेलेली, ती इथे लावू नका. ती त्या पुलापाशी लावलेल्या पट्टीवरची उंची आहे, तुमच्या प्लॉटला ती थेट लागू होत नाही, आणि सेल्स ऑफिसमध्ये याच दोन आकड्यांची सरमिसळ करून माणसाला गोंधळवतात.

दुसरं, सॅम्पल फ्लॅट बघून परत येऊ नका. बाहेर पडा आणि आजूबाजूच्या जुन्या घरांच्या गल्लीत चाला. कंपाउंडच्या भिंतीवर मातीच्या पाण्याची रेघ अजून दिसते, रंग दिला असला तरी खालचं प्लॅस्टर फुगलेलं आणि लोणा लागलेला दिसतो. विजेचे मीटर बघा, ज्या गल्लीत लोकांनी पदरचे पैसे घालून मीटरची पेटी डोक्याच्या वर नेऊन बसवलीय त्या गल्लीबद्दल वेगळं काही विचारायला नको. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारा २७-२८ ऑगस्टला पाणी कुठपर्यंत होतं, तो हात उंचावून दाखवेल. त्याला फ्लॅट विकायचा नाहीये.

तिसरं काम मुलाला द्या. कॉम्प्युटरवर गूगल अर्थ उघडून त्यात जुनी सॅटेलाइट चित्रं बघायची सोय आहे, ती पट्टी मागे सरकवत दहा-पंधरा वर्षं मागे जायचं. आज जिथे टॉवरचा पाया आहे तिथे तेव्हा झाडीने भरलेली वाकडीतिकडी घळ दिसली तर ते कोतर होतं, आणि कोतर म्हणजे नदीचीच जागा. मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या, तुमच्या सांगण्यापेक्षा ते त्याला जास्त पटेल.

कागदांचं थोडक्यात सांगतो. गुजरात रेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या वेबसाइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून मंजूर प्लॅन बघा. करार रजिस्टर होण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, रेरा कायद्याच्या कलम १३ मध्ये ते स्पष्ट आहे. आणि "पाणी येणारच नाही" हे वाक्य ब्रोशरमध्ये किंवा ईमेलवर मागा. जाहिरातीतल्या खोट्या दाव्यावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर कलम १२ खाली भरपाई मागता येते, पण तोंडी शब्दाला तिथे कोण विचारणार.

माझं मत विचाराल तर, जागा जुन्या चित्रात कोतर असेल तर घेऊ नका, भाव कितीही चांगला असो. लग्न ठरलंय म्हणून घाई होतेय हे कळतं, पण थोडे दिवस भाड्याच्या घरात काढलेले परवडतील.

प्रश्न : आमची समा भागातली जुनी सोसायटी, सगळी टेनामेंट्स, सगळे तळमजल्यावर. शेजारी कोतर होतं, आता रात्री डंपर येतात आणि राडारोडा टाकून ते भरून काढलंय, तिथे कमर्शियल कॉम्प्लेक्स येणार म्हणतात. वॉर्ड ऑफिसात गेलो तर सांगितलं परवानगी आहे काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका. आम्ही बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे. आमच्या हातात काय आहे?

काका, तुमच्या हातात बरंच काही आहे, पण आधी हे समजून घ्या की तुमची भीती शास्त्राला धरून आहे, कारण तिथे कोणीतरी तुम्हाला म्हणेल की एका प्लॉटने काय फरक पडतो.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते, वाटेत सयाजीराव महाराजांनी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं आजवा तळं आहे, पलीकडे प्रतापपुरा तळं आहे. आजव्याची पातळी ठरलेल्या फुटांच्या वर गेली की दरवाज्यांवरून पाणी आपोआप नदीत येतं, म्हणून तर पावसाळ्यात आपण सगळे २११, २१२ करत आकडे बघत बसतो. हे सगळं पाणी जिथून जायचं ती नदी शहरात अरुंद आणि नागमोडी आहे. मग इतकी वर्षं शहर टिकलं कसं, तर दोन्ही बाजूंच्या कोतरांमुळे आणि सखल मोकळ्या जमिनींमुळे. नदी वाढली की पाणी आधी तिथे पसरायचं, थांबायचं आणि उतरलं की परत जायचं. आता एक हेक्टर जमीन आठ फूट भरली असं धरा, तर सुमारे २४ हजार घनमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच कोटी लिटर पाण्याची जागा गेली. भरलेल्या बादलीत वीट टाकल्यावर जे होतं तेच इथे होणार, पाणी काठावरून बाहेर येणार, आणि काठावर तुम्ही आहात. असे प्लॉट एकच नाहीत, वरपासून खालपर्यंत आहेत, आणि प्रत्येक परवानगी देताना तोच एक प्लॉट बघितला जातो, सगळ्यांची बेरीज कोणी करत नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

शिवाय कांस, म्हणजे पावसाळी नाले. भुखी कांससारखे आपले कांस पावसाचं पाणी नदीत नेतात, पण नदीच कांसाच्या तोंडापेक्षा वर चढली की पाणी उलटं फिरतं आणि नदीपासून लांब राहणाऱ्यांच्या चौकातही गटाराच्या झाकणातून वर येतं. म्हणजे कोतर भरल्याचा त्रास फक्त शेजाऱ्याला होतो असंही नाही.

आता काय करायचं. "परवानगी आहे" एवढं ऐकून परत येऊ नका, रजाचिठ्ठीची (बांधकाम परवानगीची) आणि मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा, गुजरातमध्ये अर्जाची फी वीस रुपये आहे आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नकाशा हातात आला की एकच गोष्ट शोधा, नदीची हद्द कुठून धरलीय. राज्याच्या बांधकाम नियमावलीत नदीच्या काठापासून अंतर सोडायला सांगितलंय, जिथे पक्का बांध नाही तिथे ३० मीटर, पण काठ म्हणजे उन्हाळ्यातल्या पाण्याची कड की कोतरासकट सगळी नदी, यावर सगळा खेळ आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २५ मे २०२१ च्या आदेशात विश्वामित्रीची हद्द आखणं, पूरक्षेत्र राखणं आणि अतिक्रमणं काढणं याबद्दल महानगरपालिकेला आणि सरकारी खात्यांना सूचना दिलेल्या आहेत. तुमच्या अर्जात त्या आदेशाचा तारखेसकट उल्लेख करा, त्याने अर्जाला वजन येतं. कॉम्प्लेक्सचं बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर बघता येते आणि त्यात भरावाबद्दल, पाण्याच्या निचऱ्याबद्दल बिल्डरने काय लिहून दिलंय ते वाचायला मिळतं.

फोटो रोज काढायची गरज नाही पण एकाच जागेवरून, त्याच कोनातून आठवड्याला एक काढा, तारीख आणि लोकेशन चालू ठेवून, डंपर आत येतानाचा मिळाला तर उत्तम. तक्रार एकट्याच्या नावाने देऊ नका, सोसायटीचा ठराव करून लेटरहेडवर द्या, आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नंबर नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. आणि काका, शेजारच्या सोसायट्यांना आत्ताच बरोबर घ्या. पाणी आल्यावर सगळे एकत्र येतातच पण तेव्हा फक्त खिचडीची पाकिटं वाटायची राहतात.

प्रश्न : मी अहमदाबादला नोकरी करतो, रोज संध्याकाळी साबरमती रिव्हरफ्रंटवर चालायला जातो. किती छान झालंय ते. आपल्या बडोद्यात नदीचं नाव काढलं की लोक विरोध करतात, कोर्टात जातात. आपणच आपलं शहर मागे ठेवतो असं नाही वाटत का?

चालायला छान आहे, मीही गेलोय. पण दोन नद्या शेजारी ठेवून बघ. साबरमती शहरात रुंद आहे, बरीचशी सरळ आहे, वर धरोईचं मोठं धरण आहे, आणि तुला संध्याकाळी जे भरलेलं पाणी दिसतं ते नर्मदेच्या कालव्यातून आणून वासणा बराजला अडवलेलं आहे. दोन्ही काठ आत घेऊन पात्र साधारण २६३ मीटर रुंद ठेवलंय. विश्वामित्रीला असलं काही नाही. अरुंद पात्र, खोल काठ, वळणावर वळणं, आणि वर आजवा आहे ते पिण्याच्या पाण्याचं तळं, मोठा पूर पोटात घ्यायला बांधलेलं धरण नाही. अशा नदीला दोन्ही बाजूंनी सिमेंटची भिंत घालून काठ आत घेतले तर पाणी वर चढणार, आणि वळणं सरळ केली तर ते जोरात पुढे जाऊन वडसर, कलालीकडच्या लोकांच्या घरात शिरणार. २०१९ मध्ये ३१ जुलैला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता, वीस इंच. असा पाऊस परत येणार नाही असं म्हणायची हिंमत कोणत्या इंजिनियरमध्ये आहे?

म्हणून विश्वामित्रीच्या जुन्या रिव्हरफ्रंट प्रोजेक्टला लोकांनी हरित लवादात आव्हान दिलं, ते शहराला मागे ठेवायला नाही. आणि नदीचं काम करूच नये असं कोणी म्हणत नाहीये. २०२४ नंतर राज्य सरकारने विश्वामित्रीसाठी १,२०० कोटी जाहीर केले, २०२५ च्या पावसाळ्याआधी शहरातल्या चोवीस-पंचवीस किलोमीटरमध्ये गाळ काढून पात्र मोठं करायचं काम झालं. त्याचा उपयोग आहे, मी नाही म्हणणार नाही, जरी काठावरची झाडी खरवडून काढल्यावर मोकळी माती पहिल्याच पावसात परत पात्रात येते हे बघून जीव तुटतो. पण एकीकडे सरकारी पैशाने गाळ काढायचा आणि दुसरीकडे कोतरं भरायला रजाचिठ्ठी द्यायची, हे दोन्ही एकाच वेळी चालू असेल तर त्या १,२०० कोटींनी आपण नेमकं काय विकत घेतलं हे विचारायलाच हवं. चालायला बाग हवी ना, तर पाण्याखाली गेली तरी चालेल अशी मातीची पायवाट आणि झाडं लाव, कमाटीबागेत पाणी येतं आणि जातं, बाग उभी आहे.

प्रश्न : नदीतल्या मगरी पकडून दुसरीकडे का नाही सोडत? पुरात आमच्या अंगणात आली होती, नातवंडं घरात होती.

भीती खरी आहे मावशी. पण २०२५ च्या गणनेत आपल्या विश्वामित्रीत ४४२ मगरी मोजल्या, त्या कुठे नेऊन सोडणार? आणि वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, सरसकट हलवता येत नाही. ती मातीच्या काठात बीळ करून राहते, तिथेच अंडी घालते. पुरात धारेचा जोर वाढला की संथ पाणी शोधत बाहेर येते आणि सोसायटीतलं पाणी संथ असतं. काठ सिमेंटचे झाले, बिळं बुजली तर ती अंगणात जास्त वेळा येईल, कमी नाही. आली तर लहानांना वरच्या मजल्यावर न्या, दार लावा आणि वनखात्याला फोन करा. व्हिडिओ काढायला जवळ जाणाऱ्या मोठ्या मुलांना तेवढं रागवाच.

प्रश्न : तुमच्यासारखे लोक सल्ले देतात पण आमची नदीकाठी वडिलोपार्जित जमीन आहे. आसपासच्या सगळ्यांनी बिल्डरला देऊन पैसे केले. आमची वेळ आली की लगेच पूर, पर्यावरण सगळं आठवतं. आम्ही काय फक्त शेती करत बसायचं का?

तुमचा राग मला पटतो, खरंच. ज्यांनी आधी विकलं त्यांना कोणी अडवलं नाही आणि आता नियम पाळायची वेळ तुमच्यावर, यात अन्याय आहेच आणि तो नुसता उपदेश करून जाणार नाही. नदीची जी जागा शहराला वाचवायला मोकळी ठेवायची तिची किंमत सगळ्या शहराने द्यायला हवी, एकट्या मालकाने नाही.

गुजरातमध्ये त्यासाठी रस्ता आहे, तो टीपी (टाउन प्लॅनिंग, नगररचना) स्कीमचा. टीपीमध्ये सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून नव्याने प्लॉट पाडतात, आणि तुमचा फायनल प्लॉट तुमच्या मूळ सर्व्हे नंबरवरच मिळाला पाहिजे असं नाही. म्हणजे नदीकाठचा सखल पट्टा बागेत, मोकळ्या जागेत घालून तुम्हाला उंचावर प्लॉट देता येतो. हे आपोआप होत नाही, मागावं लागतं. ड्राफ्ट टीपी जाहीर झाली की एक महिन्यात लेखी हरकत द्यायची असते, आणि शहराच्या ड्राफ्ट डेव्हलपमेंट प्लॅनवर दोन महिन्यांत. बिल्डरचे लोक या तारखा पाठ ठेवतात, आपले लोक पेपरातली नोटीस रद्दीत घालतात. तुम्ही आणि शेजारचे मालक मिळून एकच हरकत द्या, नकाशा जोडा, त्यात सखल पट्टा हिरव्या रंगाने दाखवा आणि बदली प्लॉट कुठे हवा तेही लिहा.

अजून एक. केंद्राने १९७५ मध्येच पूरक्षेत्राच्या कायद्याचा नमुना राज्यांना पाठवला होता, मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्या राज्यांनी तसा कायदा केला. महाराष्ट्रात निदान निळी आणि लाल पूररेषा असते, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची, आणि त्यावरून पुण्यात कितीही भांडणं झाली तरी रेघ कागदावर आहे. आपल्याकडे तशी रेघ असती तर तुम्हाला जमीन घेणाऱ्याशी बोलताना पहिल्याच दिवशी कळलं असतं की कशाला काय भाव आहे. ती मागणी जमीनमालकांनीही करावी, तुमचाच फायदा आहे. आणि तोवर जी जागा दर पावसाळ्यात पाण्याखाली जाते ती भरून विकू नका, एवढी हात जोडून विनंती. तिथे घर घेणारे आपल्यातलेच कोणीतरी असतात.

प्रश्न : पुरात गाडी गेली, इन्शुरन्सने अर्धे पैसेसुद्धा दिले नाहीत. पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी?

थर्ड पार्टी पॉलिसीत पुराचं काहीच मिळत नाही, कॉम्प्रिहेन्सिव्ह लागते. त्यातही बंद पडलेली गाडी पाण्यातच सुरू करून बघितली आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. बुडालेल्या गाडीला चावी लावू नका, फोटो काढा, कंपनीला कळवा आणि टो करून न्या. घरासाठी भारत गृह रक्षा नावाची पॉलिसी जनरल इन्शुरन्सच्या कंपन्यांकडे मिळते, त्यात पूर येतो आणि घरातलं सामानही येतं. मे महिन्यात घ्या, जुलैत पाणी दारात आल्यावर नाही. तळमजल्यावर राहत असाल तर फ्रीज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर यांची बिलं आणि फोटो एकत्र करून मुलीला किंवा भावाला, जो दुसऱ्या शहरात राहतो त्याला, व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, कारण कपाटातली फाइल पाण्यात गेली की क्लेमच्या वेळी दाखवायला काहीच उरत नाही.